खालच्या अंकलची चिकटपट्टी

बहरीनच्या सीफ भागातल्या त्या हॉटेलच्या हॉलमध्ये शिरले तेव्हा आधी ऊदाचा वास आला, मग एसीचा गारठा अंगावर आला, आणि मग समोर काळ्या मखमलीवर, दिव्याच्या झोतात, तो दिसला. पितळेचा स्पेक्ट्रोस्कोप, उजेड फोडून त्यातले रंग दाखवणारा. मधे काचेचा लोलक, दोन बाजूंना दोन नळ्या, खाली तीन पायांची गोल बैठक. घासूनपुसून इतका लख्ख केलेला की क्षणभर मला ओळखूच येईना. आमच्या खालच्या मजल्यावर असताना तो असा कधी चकाकला नाही. त्याच्यावर धूळ असायची, बोटांचे ठसे असायचे, एकदा तर आईने त्याच्यावर ओला नॅपकीन वाळत टाकला होता. शेजारी छापील पाटी होती. 'कुटुंबाच्या संग्रहातून. मूळ अवस्थेत.'

मूळ अवस्थेत म्हणे! बैठकीच्या एका पायाला माझ्या आईच्या शिलाई मशीनचा स्क्रू आहे. पिवळ्या पितळेत पांढरा, आंधळ्यालाही दिसेल असा.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तो स्पेक्ट्रोस्कोप माझा आहे. ज्यांचा होता त्या खालच्या अंकलनी तो मला दिला, माझ्यासमोर, माझं नाव लावून. आणि त्यांचा जो पुतण्या आज त्याच्या शेजारी टाय लावून, पाहुण्यांशी हसत उभा होता, त्याने तो आमच्या घराच्या खालून उचलून नेला. मी याला चोरी म्हणते. आई म्हणत नसे. आई म्हणायची, "त्याला ठाऊक नव्हतं गो." हे 'ठाऊक नव्हतं' ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आज तर तिने कहरच केला. त्या माणसासाठी नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा घेऊन आली. सकाळपासून ओट्याशी उभी राहून केलेल्या. डबा स्टीलचा, तिच्या लग्नातला, झाकणावर वसईच्या भांडीवाल्याने ठोकून घातलेलं तिचं नाव, सासरच्या आडनावासकट. मी गाडीत ओरडले, "आई, ज्याने आपल्याला लुटलं त्याला तू खाऊ घालणार?" तर म्हणे, "अंकलच्या मर्तिकाला आला होता तेव्हा बिचारा नुसत्या चहावर गेला."

दारात प्रत्येकाच्या हातात एक जाड पुस्तक देत होते, आज त्याचंच प्रकाशन होतं. खालच्या अंकलचं चरित्र: आयुष्य आणि सुरुवातीची कारकीर्द. गुळगुळीत कागद, वर त्यांच्या वाडवडिलांच्या त्या अवाढव्य घराचं चित्र. मी उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. तिथे एक ओळ होती. यानंतर ते पूर्वेकडे गेले आणि विज्ञानाच्या जगापासून दूर राहिले. खलास. पुढे नुसती सूची. ईसा टाउन नाही, गच्ची नाही, आम्ही नाही. माणूस आमच्यात म्हातारा झाला, आमच्या जिन्यावर धापा टाकत चढला, आईच्या हातचं तिखटजाळ इंद्याल खाऊन डोळ्यांतून पाणी काढत 'और थोडा' म्हणाला, आणि त्या सगळ्याला यांच्याकडे शब्द कुठला, तर पूर्वेकडे.

ईसा टाउनमधलं आमचं घर दुमजली होतं. वर आम्ही, खाली ते, मागच्या बाजूला आणखी दोन बिऱ्हाडं, कायम बदलणारी. बाबा हिद्दकडच्या गोदीत हिशेब बघायचे. आई दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची, आणि त्या मशीनच्या आवाजातच माझं लहानपण गेलं. एक दिवस बाबा म्हणाले, खाली एक गोरा राहायला आलाय, शास्त्रज्ञ आहे, त्याचा बाप लॉर्ड होता. मी लगेच त्यांना 'लॉर्ड अंकल' म्हणायला लागले. आई भाकऱ्या थापत होती. तशीच पिठाच्या हाताने मला टप्पल मारून म्हणाली, "लॉर्ड एकच. तो वर. हे खाली राहतात, खालचे अंकल म्हण."

तेच नाव पडलं. ज्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर कोण कुणाच्या वर बसणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं, ते आमच्याकडे शेवटपर्यंत खालचे अंकल राहिले. त्या नावाचा अर्थ त्यांना कळला तेव्हा ते इतके हसले की चष्मा पडला.

त्यांच्या खोलीला स्पिरिटचा वास यायचा, लाखेचा यायचा, एका जुन्या लोकरी कोटाचा यायचा. तो कोट बहरीनमध्ये कशाला लागतो हे मला कधी कळलं नाही. खिडकीखाली एसीचं पाणी टपटप डब्यात पडायचं. संध्याकाळी शाळेची बस मला सोडून गेली की मी दप्तर जिन्यातच टाकून त्यांच्याकडे पळायची. मग आम्ही स्पेक्ट्रोस्कोप उचलून गच्चीवर. गच्चीत पाण्याच्या टाक्या, टीव्हीच्या वाकड्या डिश, आणि आईने सुट्टीवरून आणलेले सुके बोंबील, ऊन दाखवायला दोरीवर टांगलेले. त्या बोंबलांच्या वासात खालच्या अंकलनी मला आकाश शिकवलं.

बदल्यात त्यांना आमची अक्षरं हवी होती. आईने शिकवली, मशीनवर बसल्या बसल्या. ते आधी पट्टी धरून एक सरळ रेघ मारायचे आणि मग तिला खालून एकेक अक्षर लटकवायचे, दोरीवर बोंबील टांगावेत तसं. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, आधी दोरी, मग मासे.

आपलं आयुष्य ते तुकड्यातुकड्याने सांगायचे, डोळा नळीला लावलेला असताना. त्यांच्या घराला इतक्या खिडक्या होत्या की पुसणारा माणूस शेवटच्या खिडकीपर्यंत पोचायचा तोवर पहिली पुन्हा मळलेली असायची. थंडी मात्र सगळ्यांतून आत. आईवडील दिवसातून एकदा भेटायचे, संध्याकाळी, मुलांचे हात धुऊन झाल्यावर. आजीचा तेवढा जीव. तिने वाढदिवसाला हा स्पेक्ट्रोस्कोप दिला. घोड्यांच्या पागेच्या टोकाला एक रिकामी खोली होती, तिथे त्यांनी प्रयोगशाळा मांडली. भिंती मेणबत्तीच्या काजळीने काळ्या केल्या, खिडकीला घोंगडी लावली. पलीकडे घोडे खूर आपटत असायचे. घोडा आणि स्पिरिट, या दोन वासांना मिळून ते 'माझं बालपण' म्हणायचे.

पुढे विद्यापीठात फार लवकर नाव झालं. कशावर, तर धुरावर. जेवणं झाली की वडील आणि त्यांचे मित्र चिरूट ओढत राजकारण बोलत आणि हा मुलगा धूर बघत बसे. चिरुटाच्या टोकाचा धूर निळा आणि तोंडातून सोडलेला पांढरा, असं का? धुरावरून ते हवेतल्या धुळीवर गेले, धुळीवरून आकाशाच्या रंगावर. मोठमोठ्या सभागृहांत त्यांची भाषणं झाली. मग एक दिवस सगळं सोडून इथे आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, धूळ बघायची तर धुळीच्या देशात जावं.

मला त्यांनी तो धूर दाखवला तो कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आणलेल्या उदबत्तीचा. आधी माझ्या शाळेच्या काळ्या बुटासमोर धरला. धूर निळा. मग तोच खिडकीच्या उजेडासमोर. धूर तांबूस. मी टाळ्या पिटल्या.

"धूर बदलला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय बदललं?"

मी खूप वेळ बघत राहिले आणि म्हटलं, "मागे काय ठेवलं ते."

त्यांनी मला बक्षीस म्हणून एक खजूर दिला. तो मऊ, खिशातला, लोकरीचे धागे लागलेला खजूर मी तसाच खाल्ला.

पागा पुस्तकात आहे. आजी आहे. चिरूट तर दोन पानं आहे. उदबत्ती कुठे नाही. जसा काही माणूस तिशी ओलांडल्यावर धूर बघायचाच थांबला.

आणि मीठ? आई वसईच्या मिठागरातलं जाडं, करडं मीठ आणायची. इथल्या मिठाला चव नाही असं तिचं ठाम मत होतं. खालच्या अंकलनी स्पिरिटच्या दिव्यावर चिमूटभर टाकलं. ज्योत पिवळीधमक झाली. नळीला डोळा लावला तर काळोखात एक पिवळी रेघ, सुरीने ओढल्यासारखी. मग त्यांनी कोल्ड स्टोअरचं मीठ टाकलं. रेघ जिथल्या तिथे. आईला खाली बोलावून दाखवलं. ती एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सेम है. लेकिन बोंबील के लिए मेराच अच्छा."

"मॅडम, आमच्या घरी मिठाचं भांडं चांदीचं होतं," खालचे अंकल म्हणाले. "त्यातलं मीठही याच रेघेवर येतं."

एका वर्षी शमाल सुटला. शमाल म्हणजे उत्तरेचा वारा, धूळ घेऊन येणारा. दाराखिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून लोक घरात बसतात. दात करकरतात, वरणात वाळू लागते. त्या वाऱ्याने खालची खिडकी धाडकन उघडली आणि स्पेक्ट्रोस्कोप टेबलावरून खाली आला. लोलक वाचला, पण एक पाय निखळला आणि त्याचा स्क्रू कुठे गेला तो गेलाच. खालचे अंकल जमिनीवर बसून हाताने धूळ चाचपत होते. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. आई वर गेली, मशीनचा एक स्क्रू काढून घेऊन आली आणि तिने तो पाय बसवला. नीट बसला. त्या दिवसापासून आमचं मशीन खडखडायला लागलं ते आजतागायत.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं झालं. आखातात कोणी कायमचं राहायला येत नाही. व्हिसा संपतो, कंपनी बंद पडते, मुलं कॉलेजला जातात, आणि एक दिवस माणूस जाहीर करतो, फायनल एक्झिट. मग आमच्याकडे मास्किंग टेपचा रोल बाहेर यायचा, रंगारी वापरतात ती पिवळट कागदी टेप. जाणारी बाई घरभर फिरून फ्रिजला, मिक्सरला, इस्त्रीच्या टेबलाला एकेक पट्टी लावायची आणि पट्टीवर ज्याला ती वस्तू द्यायची त्याचं नाव लिहायची. मागच्या बिऱ्हाडातले पुण्याचे जोशी गेले तेव्हा त्यांच्या तुळशीच्या कुंडीलाही पट्टी होती, माझ्या आईच्या नावाची. रोझरी म्हणणाऱ्या बाईने त्या तुळशीला इतकं जपलं की तिची रोपं अजून आमच्या बाल्कनीत आहेत.

पण एक नियम होता आणि तो कोणी मोडत नसे. पट्टी लागली तरी वस्तूला हात लावायचा नाही. माणूस घरात आहे तोवर घर त्याचं. त्याने शेवटचा चहा आपल्या कपात प्यावा, आपल्या दिव्याखाली बॅगा भराव्यात. निघताना किल्ली शेजारी द्यायची. मग विमानतळावरून फोन यायचा, "बसलो." तेवढा एक शब्द. तो ऐकला की आई पदर खोचायची आणि म्हणायची, "यल्ला, चला, आता उचला." सगळी मंडळी त्या घरात शिरायची. आत अजून त्यांच्या फोडणीचा वास असायचा. बायका रडत रडत फ्रिज ओढायच्या.

खालचे अंकल हे बघून खूश झाले होते. त्यांच्या घराण्यात कोणी गेलं की चमच्यांसाठीही वकील लागायचे. इथे एक टेपचा रोल पुरतो, असं ते ज्याला त्याला सांगायचे.

तोवर मी ईसा टाउनमधल्याच एका शाळेत फिजिक्स शिकवू लागले होते. बाबा गेले होते आणि आई माझ्याजवळ, त्याच घरात राहत होती. एका दुपारी खालच्या अंकलनी मला हाक मारली. टेबलावर टेपचा रोल होता. खोलीभर पट्ट्या लागलेल्या होत्या. गालिच्याला कोल्ड स्टोअरवाल्या कोयाचं नाव, खुर्चीला बशीर ड्रायव्हरचं, चहाच्या किटलीला आईचं. सगळी आमच्या अक्षरांत. कोया आणि बशीरला ती वाचताही येत नव्हती, पण खालच्या अंकलना इतर कुठल्या लिपीत लिहायचंच नव्हतं. त्यांनी शेवटची पट्टी फाडली, तिच्यावर सरळ रेघ मारली, रेघेला माझं घरचं नाव टांगलं, आणि स्पेक्ट्रोस्कोप उलटा करून बैठकीच्या खाली चिकटवलं.

"वर लावली तर पितळेला डाग पडेल," ते म्हणाले. "माझीही फायनल एक्झिट आली. आता हा वर घेऊन जा."

मी हात पुढे केला होता. खरंच केला होता. तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "नो नो, अंकल. आप इधर है ना? फिर नहीं. रूल है."

ते हसले. "ठीक है, मॅडम. पहले मैं जाऊंगा."

मी हात मागे घेतला. जगात दुसरं कोणी असतं तर वस्तू उचलली असती आणि आभार मानले असते. आम्ही मात्र माणसाचा मान राखत बसलो.

हॉस्पिटलमध्ये शेवटपर्यंत आई त्यांच्या उशाशी होती. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण रोझरीच्या मण्यांचा आवाज आवडायचा, म्हणून ती मणी जरा जोरातच ओढायची. त्यांचे पाय ती कोमट पाण्याने पुसायची, टाचांना खोबरेल लावायची. ते गेले तेव्हा शव इंग्लंडला न्यायचं ठरलं. आईच्या मनात नियम पक्का होता. विमान सुटेल, कोणीतरी फोन करेल, मग उचलायचं.

पुतण्या आला तेव्हा मी शाळेत होते. आईने त्याला चहा दिला, खालची किल्ली दिली, आणि दारात उभं राहून आपल्या इंग्रजीत समजावलं, "टेप, टेप. नेम, नेम." त्याला वाटलं, बाई घर चिकट झाल्याबद्दल माफी मागतेय. नो प्रॉब्लेम, तो म्हणाला, मी सगळं साफ करून घेतो. आणि करून घेतलं. मी परत आले तेव्हा सामानाची गाडी निघून गेली होती आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टेपचा एक गोळा पडला होता. कोयाचं नाव, बशीरचं नाव, आईचं नाव, सगळी चुरगळून एकमेकांना चिकटलेली. मी तो गोळा ओट्यावर बसून सोडवला. माझं नाव त्यात नव्हतं.

खालचे अंकल तेव्हा अजून शवागारात होते. त्यांचं विमान सुटलंही नव्हतं.

आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी त्या माणसाला ईमेल केली. उत्तर फार गोड आलं. तुमच्या भावना समजतात, पण अशा देणगीची काही कायदेशीर नोंद नाही, पुस्तक निघालं की एक प्रत जरूर देऊ. दिली की! हॉलच्या दारात सगळ्यांना दिली तशीच. आता तो कसल्याशा कंपनीच्या कामासाठी वरचेवर इकडे येतो, आणि लोकांना जमवायला काकाचं नाव बरं पडतं. आम्हालाही बोलावणं आलं होतं. शेजारी म्हणून मी दोन शब्द बोलावे, अशी विनंती होती.

आई डब्याची पिशवी घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती. तो "हॅलो, हॅलो, लेटर" म्हणून पुढच्या पाहुण्याकडे वळला. ती पिशवी मांडीवर घेऊन मागच्या रांगेत येऊन बसली. मी तोंड उघडलं असतं तर हॉलला ऐकू गेलं असतं.

मग तो माइकवर उभा राहिला. पागा सांगितली, आजी सांगितली. पडद्यावर खिडक्याच खिडक्या दाखवल्या. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, माझ्या काकांची अखेरची वर्षं परक्या लोकांत, एकटेपणात गेली. त्यांचं असं जवळ कोणीच नव्हतं. समोरच्या रांगेतल्या लोकांनी माना हलवल्या.

आई माझ्याकडे झुकली. "काय म्हणतो?"

लहानपणापासून मी आईसाठी इंग्रजीचं मराठी करत आलेय. डॉक्टरांचं, बँकेतल्यांचं, व्हिसावाल्यांचं. आणि करताना टोचणारं गाळत आलेय, वर थोडी साखर घालत आलेय. आज नाही घातली.

"म्हणतो, अंकल एकटे मेले. त्यांचं इथे कोणी नव्हतं."

आईचा चेहरा लाल झाला, पार मानेपर्यंत. आईला रागावलेली मी पुष्कळदा पाहिलीय, पण ती माझ्यावर, बाबांवर, दूध उतू गेलं म्हणून. बाहेरच्या माणसावर कधीच नाही.

"ऊठ," ती म्हणाली.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माइककडे गेलेच नाही. मखमलीच्या टेबलाशी गेले, दोन्ही हातांनी स्पेक्ट्रोस्कोप उचलला आणि उलटा केला. दिव्याच्या झोतात आधी काही दिसेना. मग दिसलं. पट्टी होती. कडा काळवंडलेल्या, पण होती. सरळ रेघ, आणि रेघेला टांगलेलं माझं नाव. इतकं घासलं, इतकं पुसलं, आणि एकालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नव्हतं.

"मॅडम, प्लीज. हात लावू नका," पुतण्या जवळ आला. "फार जुनी वस्तू आहे."

"वाचा," मी म्हटलं.

त्याने डोळे बारीक केले. "अरबी आहे का हे?"

"मराठी. माझं नाव आहे. तुमच्या काकांच्या हातचं. आणि हा पांढरा स्क्रू दिसतोय? तो माझ्या आईच्या मशीनचा आहे. मूळ अवस्थेतला." माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "त्यांचं इथे कोणी नव्हतं म्हणालात ना? हे आम्ही. आम्हीच ते 'कोणी नाही'."

पहिल्या रांगेतले एक वयस्क बहरीनी गृहस्थ उठून जवळ आले आणि वाकून ती पट्टी बघू लागले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. पुतण्याने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर हसू आणलं. असं करू या, तो हळूच म्हणाला, सध्या तुम्ही हा घेऊन जा. तात्पुरता. आमच्या कुटुंबाकडून उसना समजा.

आई माझ्यामागे येऊन उभी होती. "काय म्हणतो?"

"म्हणतो, उसना घेऊन जा."

"त्याला सांग, उसना तू नेला होतास."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

आईने पिशवीतून नेवऱ्यांचा डबा काढला आणि मखमलीवर, बरोबर दिव्याच्या झोतात ठेवला. माझ्या हातातून स्पेक्ट्रोस्कोप घेतला, पदराने नळ्यांची टोकं झाकली आणि तो पिशवीत घातला. "ये तुम्हारा," ती त्याला म्हणाली. "वो हमारा. खा लेना, ताजा है." मग माझ्याकडे वळली. "यल्ला. अंकल गेले, आता उचलायचं."

आम्ही त्या गारठ्यातून, त्या ऊदाच्या वासातून चालत बाहेर आलो. कोणी अडवलं नाही. पार्किंगमध्ये दमट हवा तोंडावर आली आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. सीफच्या काचेच्या इमारतींमागे आकाश धुळकट तांबूस झालं होतं, खालच्या अंकलना आवडायचं तसं. राग उतरला नव्हता. तो आत्ताही उतरलेला नाही. हा स्पेक्ट्रोस्कोप त्यांच्या टेबलावरून, त्यांच्या चहाच्या वासातून, विमान सुटल्याच्या फोननंतर आम्ही रडत वर आणायचा होता, आणि तो मला हॉटेलातून असा भांडून आणावा लागला.

आई पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आत हात घालून तिने तो स्क्रू चाचपून पाहिला.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

गाडी हायवेला लागली तेव्हा माझ्या एकदम लक्षात आलं. "आई, तुझा डबा! लग्नातला. थांब, मी वळवते गाडी."

"राहू दे तिथेच," आई म्हणाली. "नाव ठोकून घातलंय त्याच्यावर. ते काही सोलून निघायचं नाही."